खोट्या नोंदीची किंमत

रानपिंगळा हा जेमतेम 23 सेंटिमीटर लांबीचा पक्षी 113 वर्षे शास्त्राच्या नजरेआड राहिला. 1873 मध्ये अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 1884 पर्यंत त्याचे सात नमुने मिळाले होते, त्यांतले बहुतेक खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेले. पुढे रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेतील मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचा दावा केला. प्रत्यक्षात तो नमुना डेव्हिडसन यांचाच होता; ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. पॅमेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, मांडवीची नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांच्या चमूला रानपिंगळा भर दिवसा दिसला. माझ्या मते या पक्ष्याचा इतिहास एकच गोष्ट सांगतो : खरी नोंद हा संवर्धनाचा पाया आहे.

यावर कोणी म्हणेल, पक्षीच दुर्मीळ, जंगले तुटलेली, त्यात गावोगावच्या साध्या पिंगळ्याशी साम्य. मग सारा दोष एका चिठ्ठीला कसा द्यायचा? साम्य आहे हे खरे. पण नीट पाहिले तर फरक लपत नाही. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते; छाती गडद तपकिरी, शेपटीवर रुंद पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. शिवाय तो दिवसा सागाच्या उघड्या फांदीवर बसून सरडे-उंदीर टिपतो. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांचेही शोध फसले, ते नजर कमी पडली म्हणून नव्हे. शोध चुकीच्या पुराव्यावर उभा राहिला की जाणकारीही वाया जाते. खरे ठिकाण हाती आल्यावर मात्र तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि पुढे तानसा इथेही तो आढळला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नोंद असो वा नसो, जंगल तर राखायलाच हवे. तत्त्व म्हणून ते मान्य. पण व्यवहारात कोणते जंगल आधी राखायचे, हे नोंदीच ठरवतात. रानपिंगळ्याला ढोली असलेली जुनी झाडे आणि विरळ, कोरडे पानझडी रान लागते. वाघासाठी नावाजलेल्या घनदाट जंगलापुढे असे रान सहज ‘पडीक’ ठरते. अतिक्रमण आणि तोड तिथेच आधी पोहोचते. तिथे कोण राहते हे कागदावर नसेल, तर त्याची बाजू कोण मांडणार? उलट नव्या नोंदी वाढल्या म्हणूनच 2018 मध्ये या पक्ष्याला ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ गटात ठेवता आले. तरीही प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या हजाराच्या आतच आहे.

आज मोबाइलवरून कोणीही पक्ष्याची नोंद करू शकतो. म्हणूनच जबाबदारीही प्रत्येकाची आहे. दिसले तेवढेच लिहावे, शंका असेल तर ती शंका म्हणूनच नोंदवावी आणि दुर्मीळ पक्षी पाहिल्याच्या मानासाठी एक अक्षरही वाढवू नये.