गुडघ्याचं दुखणं आणि तप

लॅमिंग्टन रोडवर आमचं खाली दुकान आणि वर घर. जिन्याला 23 पायऱ्या. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी त्या उतरून बस्तीत जायच्या. दोन वर्षांपासून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायला लागल्या. विचारलं की म्हणायच्या, "वयाचं आहे गं. कर्म भोगल्याशिवाय सुटतं का?"

आणि आम्ही काय केलं? कौतुक केलं! आल्यागेल्याला सांगायचो, गुडघे एवढे दुखतात, पण सामायिकाला 48 मिनिटं मांडी मोडत नाहीत.

एकदा पाय चेपताना त्या हळूच बोलल्या, "तोंडानं णमोकार म्हणते, पण मन सगळं गुडघ्यात असतं. कधी एकदा वेळ संपते असं होतं." मी गप्पच झाले. वेदनेचंच चिंतन करत राहणं हा आर्तध्यानाचा एक प्रकार, हे आपण स्वाध्यायात किती वेळा ऐकलंय! आम्ही ज्याला तप म्हणून मिरवत होतो, त्यात त्यांचं ध्यानच हरवलं होतं.

मग सोसणं म्हणजे तप नाही का? कायक्लेश हे तपच आहे, पण ते आपण होऊन, आपल्या शक्तीप्रमाणे करायचं असतं. सोळा भावनांत 'शक्तितस्तप' आहे, ते उगीच नाही. राहिली कर्माची गोष्ट. रोग वेदनीय कर्मानं येतो, तशी भूकही त्याच कर्मानं लागते. भूक लागली की आपण जेवतो ना? मग गुडघ्याच्या औषधालाच कर्म आडवं का यावं? समंतभद्राचार्यांनी सल्लेखनेसाठीसुद्धा रोग उपाय नसलेला असावा, अशी अट घातली आहे. उपाय असताना देहाची हेळसांड करा, असं त्यांनीही सांगितलेलं नाही.

शेवटी आत्याबाईंना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समजावलं ते असं. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, ती झिजत जाते. पाळी गेल्यावर बायकांत हे जास्त दिसतं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचाल झाली की सांध्यातला रस तिच्यात झिरपतो आणि तिचं पोषण होतं. म्हणून दुखतंय म्हणून बसून राहिलं, की गुडघा आणखी आखडतो. पाय सरळ ठेवून मांडीचे स्नायू आवळायचे, पाच सेकंद धरायचे, सोडायचे, असं दहा वेळा. सपाट रस्त्यावर झेपेल तेवढं चालायचं. वजन थोडं उतरलं तरी गुडघ्याला मोठा आराम. मांडी, उकिडवं बसणं आणि जिना कमी. दुखण्याच्या गोळ्या मात्र मनानं रोज घ्यायच्या नाहीत, पोट आणि मूत्रपिंड बिघडतं. आणि गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवायचं.

आपल्याला आणखी एक प्रश्न असतो, तो विचारायला लाजू नका. सांध्यांसाठी म्हणून मिळणारं ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढतात, आणि बऱ्याच कॅप्सूलचं वेष्टन जिलेटिनचं असतं. ग्लुकोसामाइनचा फायदा पक्का ठरलेलाही नाही, तेव्हा ते सोडल्यानं फारसं बिघडत नाही. फारच झीज झाली तर बसवतात तो कृत्रिम सांधा धातूचा आणि प्लॅस्टिकचा असतो.

पण मला खरं टोचलं ते वेगळंच. आत्याबाईंचं सोसणं आम्हाला सोयीचं होतं. त्या सोसत होत्या, तोवर कुणाला दवाखान्यात खेटे घालावे लागत नव्हते, भाजी आणायची पाळी ठरवावी लागत नव्हती. अंतरंग तपात वैयावृत्त्य सांगितलंय, म्हणजे आजाऱ्याची सेवा. ते तप आमच्या वाट्याचं होतं. आम्ही आमचं चुकवलं आणि त्यांच्या दुखण्यालाच तपाचं नाव दिलं.

आता त्या खुर्चीवर बसून सामायिक करतात. पहिले आठ दिवस संकोच वाटला, "बायका काय म्हणतील?" परवा मात्र वेळ संपली तरी उठल्या नाहीत. मी हाक मारली तर म्हणाल्या, "थांब गं, आत्ता कुठं मन लागलंय."

बायांनो, तुमच्या घरातही कुणी भिंत धरून उठत असेल. त्यांच्या सोशिकपणाचं कौतुक करण्याआधी एकदा जवळ बसा आणि विचारा, किती दुखतं?