क्षमा केली म्हणून हक्क सोडावा का?

वेगळे होण्याचा निर्णय झाला की साधनेच्या मार्गावरील अनेकांना एक प्रश्न छळतो. वकिलाकडे जाणे म्हणजे वैर धरणे तर नव्हे? मनापासून क्षमा केली असेल, तर दागिने, घर, पैसा यांवर दावा कशाला सांगायचा?

प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. क्षमेने मनातली कटुता जाते. समोरच्याचे देणे त्यामुळे आपोआप फिटत नाही. दुकानातली भागीदारी संपली की दोघे बसून हिशेब पूर्ण करतात. त्यात द्वेष नसतो. उलट, अर्धवट राहिलेला हिशेबच वर्षानुवर्षे ध्यानाला बसल्यावर आठवत राहतो.

त्याग करायचा असेल, तर आधी आपले काय आहे हे माहीत हवे. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले आहे. हे ठाऊक नसताना घाबरून सही करणे हा त्याग नव्हे. पैशांअभावी वकील परवडत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आणि कोर्टात गेलो की भांडण वाढणारच, असेही नाही. आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी कायद्याने कुटुंब न्यायालयावरच टाकली आहे.

मूल मात्र हिशेबातली नोंद नव्हे. घर विकून पैसे वाटून घेता येतात, मूल वाटता येत नाही. म्हणूनच ताब्याचा निर्णय देताना न्यायालय मुलाचे हित सर्वांत वर ठेवते. पोटगी आली नाही म्हणून मुलाची भेट अडवायची, भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवायची, अशा वेळी शिक्षा मुलालाच होते. आपल्या साधनेची खरी परीक्षा इथे आहे.

म्हणून वकिलाकडे जरूर जा. त्यांना सर्व खरे सांगा. स्वतःचे उत्पन्न लपवू नका, समोरच्यावर खोटे आरोप करू नका. अर्जावर सही करण्यापूर्वी थोडा वेळ डोळे मिटून शांत बसा आणि प्रत्येक मागणीबाबत स्वतःला विचारा : हे मी न्याय्य आहे म्हणून मागत आहे, की समोरच्याला दुखावण्यासाठी? दुखावण्यासाठी असेल ते खोडून टाका. जे न्याय्य आहे, ते संकोच न करता मागा.