शहाजीराजांची पालखी
पनवेलजवळच्या करंजाडेत नव्या इमारतींमध्ये की-बोर्डचे क्लास जोरात आहेत. तिथल्या मुलांच्या बोटांना आधी लागतो तो जी मेजरमधला छोटासा मिन्युएट, बाखचा म्हणून. (खरं तर तो क्रिस्टियान पेत्झोल्डचा. बाखच्या बायकोच्या वहीत उतरवलेला होता, म्हणून नवऱ्याच्या खात्यात जमा झाला.) बरोक संगीताशी आपली ओळख होते ती अशी, परीक्षेच्या पुस्तकातून. त्याच काळात एक मराठी राजा संगीतनाटकं रचत होता, हे त्या पुस्तकात असायचं कारण नाही. पण आपल्या पुस्तकांतही ते ओझरतंच येतं.

बाख आणि हँडेल दोघेही १६८५ सालचे. त्याच्या आदल्या वर्षी, १६८४ मध्ये, तंजावरच्या गादीवर शहाजीराजे भोसले बसले. व्यंकोजींचे चिरंजीव, म्हणजे शिवाजी महाराजांचे पुतणे. १७१२ पर्यंत त्यांनी राज्य केलं. इकडे औरंगजेब दख्खनमध्ये उतरलेला, संभाजीराजांचा वध झालेला, राजाराम महाराज जिंजीत वेढ्यात अडकलेले. आणि जिंजीच्या दक्षिणेला हे राजे तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींसाठी, म्हणजे शिवासाठी, पदं बांधत बसलेले! याला बेफिकिरी म्हणणारे म्हणोत. मला ती राज्य करण्याचीच एक तऱ्हा वाटते. कावेरीकाठच्या रयतेचा देव आपलासा केल्याशिवाय परक्या मुलखातून आलेल्या घराण्याला तिथे मूळ धरता आलं नसतं.

त्यांचं ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ शिवाच्या पालखीसेवेभोवती गुंफलेलं आहे आणि ते तेलुगूत आहे. दक्षिणेच्या दरबारांत गाण्याची भाषा तेलुगूच होती. आमची अडचण इथेच सुरू होते. शहाजीराजांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ मराठीत आहे, त्यामुळे आद्य मराठी नाटकांत ते आम्ही हक्काने मोजतो. तेलुगू प्रबंध मात्र तेलुगूवाल्यांचा, नाहीतर तमिळांचा, असं समजून सोडून देतो. हँडेलच्या बाबतीत असा हिशेब कोणी मांडला नाही. हाल्लेत जन्मलेल्या या जर्मन माणसाने १७११ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘रिनाल्दो’ आणलं, तेही इटालियनमध्ये. पुढे त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळालं, वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचं दफन झालं. जर्मन त्याला आपला म्हणतात, इंग्रजही म्हणतात. आमच्या शहाजीराजांवर मात्र कोणी भांडतसुद्धा नाही.

योगायोग असा की हँडेलच्याच हाल्लेत शिकलेला त्सीगेनबाल्ग हा लुथरन मिशनरी १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरला. ते बंदर डॅनिश लोकांकडे होतं आणि त्यापोटी ते तंजावरला वार्षिक खंडणी भरत. त्याने जर्मन स्तोत्रं तमिळमध्ये आणली. ज्या परंपरेतल्या चालींवर तिकडे बाख आपली चर्चगीतं उभी करत होता, त्याच चालींवर इकडे तमिळ पोरं गाऊ लागली.

राजांचा प्रबंध तिरुवारूरच्या देवळात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गायला जात होता. गाणाऱ्या देवदासी होत्या. देवदासी वाहण्याच्या प्रथेवर मद्रास प्रांतात १९४७ च्या कायद्याने बंदी आली. ती यायलाच हवी होती, पण गाण्याला दुसरा आसरा कोणी शोधून ठेवला नव्हता. संगीताचे अभ्यासक पी. सांबमूर्तींनी त्याचं स्वरलेखन करून पुस्तक काढलं, म्हणून चाली हाती राहिल्या. बाखच्या मृत्यूनंतर त्याचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ही कागदावरच पडून होतं. १८२९ मध्ये विशीतल्या मेंडेल्सोहनने ते बर्लिनमध्ये गाऊन घेतलं तेव्हा कुठे लोकांना त्याची थोरवी कळली.

शहाजीराजांचं ‘पंचभाषाविलास’ नावाचंही नाटक आहे. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा बोलल्या जातात. करंजाडेच्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला त्याचं फारसं नवल वाटू नये. पनवेलच्या फडके नाट्यगृहात त्याचा प्रयोग लावायला काय हरकत आहे? संस्कृतचं काय ते बघता येईल. बाकीच्या चार भाषांची पात्रं इथल्याच दोन-तीन सेक्टरांत मिळून जातील.