सलालाहचा सीझन

तारकर्लीला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एका गृहस्थाचा लॉज होता. पावसाळ्यात तिथे जलक्रीडा बंद असतात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि खोल्या रिकाम्या राहतात. अशाच एका जुलैत तो मस्कतला बहिणीकडे गेला. मस्कत तापलेलं होतं. भावोजी म्हणाले, "चला, तुम्हाला सलालाहचा पाऊस दाखवतो."

आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य वारेच ओमानच्या दक्षिणेला, सलालाहमागच्या धोफारच्या डोंगरांवर आदळतात. त्या दिवसांत किनाऱ्यालगत समुद्राच्या तळचं गार पाणी वर येतं. त्याच्यावरून येणाऱ्या दमट हवेचं धुकं होतं, ते डोंगरात अडकतं आणि जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे भुरभुर चालू राहते. उघडे डोंगर हिरवेगार होतात. हा 'खरीफ' पाहायला सारं आखात लोटतं. मस्कतहून रस्ता सुमारे १,००० किलोमीटरचा, बराचसा सपाट वाळवंटातला. थुमरैतनंतर घाट उतरताना काचेवर थेंब पडले, तेव्हा लॉजवाल्याला गावी आल्यासारखं वाटलं.

हॉटेलात मात्र सगळाच आनंद होता. दोन खोल्यांचे पैसे आगाऊ भरलेले, मिळाली एक. भिंतीला ओल, चादरींना कुबट वास, नळाला गढूळ पाणी, टॉवेल एकच. काउंटरवर चितगावचा एक पोरगा. सामान उचलणं, खोल्या झाडणं, चहा देणं, सगळं त्याच्याच गळ्यात.

लॉजवाल्याने त्याला फैलावर घेतलं. "मालकाला बोलव!"

"मालक फोन उचलत नाहीत, साहेब," पोरगा मोडक्या हिंदीत म्हणाला. "म्हणतात, तीन महिन्यांचा सीझन आहे. आलेला माणूस पुन्हा थोडाच येतो? खोली भरली की झालं."

रात्रभर लॉजवाला धुमसत राहिला. सकाळी चहा येईना, तसा त्याने पुन्हा त्याच पोरावर आवाज चढवला. बहीण गप्प होती.

दुपारी ते अल-बलीदला गेले. समुद्राकाठी जुन्या बंदराचे अवशेष आहेत. इथूनच लोबान जहाजांत भरून दूरदेशी जाई. २००० साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भावोजींना इतिहासाची गोडी. ते सांगू लागले, "चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय. हिंदुस्थानातून जहाज आलं की सुलतानाची माणसं होडीतून सामोरी जात. मालकाला, तांडेलाला आणि हिशेब लिहिणाऱ्यालाही मानाची वस्त्रं देत, स्वारीला घोडे आणत. जहाजावरच्या झाडून सगळ्यांना तीन दिवस जेवण. जहाजवाल्यांचं मन जिंकावं म्हणून."

हे मला फार मोलाचं वाटतं. तेव्हाची जहाजंही वाऱ्याच्या हंगामावरच येत. पण एका हंगामात आलेला माणूस पुढच्या हंगामातही यायला हवा, हे त्या बंदराला कळत होतं.

"बघा!" लॉजवाला उसळला. "आणि आता त्याच गावात हा दरोडेखोर!"

तेव्हा बहीण बोलली. "दादा, गेल्या नाताळात माझ्या मैत्रिणी तुझ्याकडे उतरल्या होत्या. सांगितल्या दोन खोल्या, दिलीस एक. मागच्या भिंतीला ओल होती. तू फोन घेतला नाहीस. तुझ्या पोराने त्यांना सांगितलं, 'सीझन आहे, चालवून घ्या.' त्या त्याच्यावर ओरडल्या. परत आल्यावर त्यांनीच मला हे सांगितलं. या वर्षी त्या गोकर्णला जाणार आहेत."

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, नाताळात खोली मिळाली हेच नशीब समजा."

परतीच्या वाटेवर शहाळी-केळ्यांच्या टपऱ्या लागल्या. लॉजवाल्याने केळ्यांचा घड घेतला आणि काउंटरवर पोरासमोर ठेवला. "सकाळपासून काही खाल्लंस का?" पोरगा आधी बिचकला, मग मानेनेच नाही म्हणाला. त्याने दोन केळी उभ्या उभ्याच संपवली.

मग लॉजवाल्याने तारकर्लीला फोन लावला.

"मागच्या दोन खोल्यांचं बुकिंग घेऊ नकोस. दिवाळीचं घेतलं असशील तर पैसे परत कर. पाऊस सरला की गवंडी बोलाव."

"दोन्ही खोल्या? ऐन सीझनला?"

"दोन्ही. आणि माझा नंबर काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावून ठेव. कोणी ओरडायला लागलं, तर फोन मला लावून द्यायचा. तू ऐकून घ्यायचं नाहीस."