वालुकाश्माची फरशी आणि अहिंसेचा प्रश्न

घराच्या अंगणात अंथरलेला दगड हा केवळ बांधकामाचा माल आहे, की त्याच्या निवडीला आणि निगराणीला काही नैतिक अर्थ आहे, हा प्रश्न भारतीय परंपरांपैकी जैन दर्शनाने सर्वांत गांभीर्याने घेतला आहे. कारण या दर्शनाच्या मते पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू ही जीवांची निव्वळ निवासस्थाने नसून त्यांचे स्वतःचे देह एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाचे ज्ञान असणाऱ्या, जीवांचे बनलेले असतात. राजस्थानातून निघणारा फिकट रंगाचा वालुकाश्म आज ब्रिटनमधील घरांच्या मागील अंगणांत, भारतातील बंगल्यांच्या आवारांत आणि मंदिरांच्या प्रांगणांत सारख्याच आवडीने बसवला जातो, आणि या एका वस्तूच्या आधारे अहिंसेचा हा जुना विचार आजच्या ग्राहकाला नेमका कोठे लागू पडतो, हे तपासता येते.

वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण सिलिका, चुना, लोह किंवा चिकणमाती यांनी सांधले जाऊन बनलेला स्तरित खडक होय. बुंदी, भिलवाड्यातील बिजोलिया, करौली आणि धौलपूर या भागांतील वालुकाश्म विंध्य नावाच्या अतिप्राचीन खडकसमूहात मोडतो, आणि थरांच्या रेषेवर छिन्नी ठोकली की तो सपाट लाद्यांमध्ये फाकत असल्यामुळे फरशीसाठी विशेष सोयीचा ठरतो. लोहाचे प्रमाण कमी असेल तेथे त्याला दुधी, फिकट पिवळी किंवा हिरवट-पांढरी छटा येते; दिल्लीच्या राष्ट्रपती भवनात धौलपूरचा असा फिकट दगड लाल दगडाच्या जोडीने वापरलेला आहे. मराठी घरांना परिचित असलेली शहाबादी फरशी आणि बाजारात ‘कोटा’ नावाने मिळणारी गुळगुळीत फरशी हे दोन्ही चुनखडक आहेत, वालुकाश्म नव्हेत, आणि हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. व्यापारात ‘फॉसिल मिंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लादीवर नेच्याच्या पानांसारख्या नाजूक काळसर आकृत्या दिसतात, त्यांना जीवाश्म मानून ग्राहक हौसेने जास्त पैसे मोजतात. वस्तुतः त्या मँगेनीज आणि लोह यांच्या खनिजांनी खडकाच्या भेगांमध्ये काढलेल्या शाखा असून त्यांत वनस्पतीचा अंशही नसतो. जे सजीव दिसते ते येथे निर्जीव आहे, आणि जैन आगमांचे, म्हणजे धर्मग्रंथांचे, म्हणणे तर याच्या नेमके उलट दिशेचे आहे: जे निर्जीव दिसते ते सजीव असू शकते.

उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकायिक, म्हणजे पृथ्वी हाच देह असलेल्या, जीवांचे मृदू आणि कठीण असे भेद सांगून कठीण पृथ्वीच्या ३६ प्रकारांत वाळू, खडे, शिळा, मीठ, धातू आणि रत्ने यांची गणना केली आहे, आणि या जीवांचे आयुष्य जास्तीत जास्त २२,००० वर्षांचे मानले आहे. खाणीत, भूमीला सलग असलेला दगड हा सचित्त, म्हणजे जीवयुक्त. तो तोडला, भाजला किंवा विजातीय द्रव्याच्या संपर्काने त्यातील जीव च्युत झाले की तोच दगड अचित्त, म्हणजे जीवरहित होतो. यावरून एक सोयीचा निष्कर्ष लगेच निघतो: अंगणापर्यंत पोहोचलेली लादी अचित्त असल्याने तिच्यावर चालण्यात, बसण्यात किंवा ती धुण्यात दगडाच्या जीवांची हिंसा होत नाही. निष्कर्ष शास्त्राला धरून आहे, पण प्रश्न त्याने मिटत नाही, कारण ज्या क्षणी दगड अचित्त झाला तो क्षण कोणाच्या इच्छेने घडून आला, ही विचारणा त्याच शास्त्राने पुढे ठेवली आहे.

आचारांग सूत्राचे पहिलेच अध्ययन, शस्त्रपरिज्ञा, पृथ्वीवर शस्त्र चालवण्याविषयी बोलताना तीन वाटा सांगते: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि करणाऱ्याला संमती देणे, परंपरेत यांनाच कृत, कारित आणि अनुमोदित म्हटले जाते. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हा विचार अधिक बारकाईने मांडला आहे. कृतीचा संकल्प, तिची सामग्री जुळवणे आणि तिचा प्रत्यक्ष आरंभ या तीन अवस्था, मन-वचन-काया ही तीन साधने, कृत-कारित-अनुमोदित हे तीन प्रकार आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय यांचा गुणाकार १०८ होतो, आणि जपमाळेतील मण्यांच्या संख्येचा संबंध अनेक आचार्य याच हिशेबाशी जोडतात. या दृष्टीने पाहता अंगणाच्या फरशीची मागणी नोंदवणारा गृहस्थ छिन्नी हातात धरत नसला, तरी तो कारित आणि अनुमोदित या दोन घरांत निश्चितपणे उभा असतो. बाजारपेठ जितकी लांबची, तितके हे घर दिसेनासे होते, एवढाच काय तो फरक.

उपासकदशा या आगमात श्रावकासाठी, म्हणजे व्रतस्थ गृहस्थासाठी, वर्ज्य ठरवलेल्या पंधरा उपजीविका सांगितल्या आहेत, त्यांना कर्मादाने म्हणतात. त्यांपैकी स्फोटकर्म म्हणजे जमीन खणणे आणि खडक फोडणे यांवर चालणारा धंदा. या यादीमुळे जैन समाज व्यापाराकडे वळला असे सरसकट सांगितले जाते, परंतु कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्यातील दिगंबर जैन पिढ्यानपिढ्या शेती करत आले आहेत, आणि भगवान ऋषभदेवांनी लोकांना असि, मषी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली असे मानणाऱ्या परंपरेला त्यात विसंगती दिसत नाही. शिल्पाच्या बाबतीत तर इतिहासच बोलका आहे: वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांनी काळा बेसाल्ट कोरला, खजुराहोचे पार्श्वनाथ मंदिर वालुकाश्मात उभे राहिले, आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यांत पंधराव्या शतकात तोमर राजवटीत वालुकाश्मातूनच भव्य तीर्थंकरमूर्ती घडल्या. दगड फोडण्याला हिंसा म्हणणाऱ्या धर्माने इतका दगड फोडला, यात दांभिकता शोधणे उथळपणाचे आहे. संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेली हिंसा, गृहस्थाने पूर्ण सोडावी आणि घरकामातील आरंभी व व्यवसायातील उद्योगी हिंसा विवेकाने कमीत कमी ठेवावी, ही श्रेणी त्या परंपरेने मान्य केली होती. शिल्पकाराला आणि शेतकऱ्याला जागा मिळते ती याच श्रेणीत.

श्रेणी हा शब्द येथे अपघाताने आलेला नाही. जैन गणनेनुसार एकेंद्रिय जीवाला स्पर्शेंद्रिय, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य असे चार प्राण असतात, तर मनासहित पंचेंद्रिय असलेल्या मनुष्याला दहा. जितके प्राण अधिक, तितकी त्यांच्या घाताची जबाबदारी जड. म्हणून वालुकाश्माच्या खाणीकडे पाहताना शिळेतील जीवांच्या आधी शिळा फोडणाऱ्या माणसाकडे पाहणे, ही आधुनिक मानवतावादाची उसनी भर नसून शास्त्राचीच शिस्त आहे. वालुकाश्माचा मोठा भाग क्वार्ट्झचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेचा असतो, आणि कोरडी भोके पाडताना, लादी कापताना व घडवताना उडणारी त्याची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसात खोल जाऊन सिलिकोसिस हा रोग जडवते. फुफ्फुसांत व्रण धरतात, दम लागतो, क्षयाचा धोका वाढतो. चुनखडकाच्या फरशीत सिलिका सामान्यतः बरीच कमी असते, म्हणून वर केलेला भेद येथे निर्णायक ठरतो. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये सिलिकोसिससह धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसरोगांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, यावरूनच या व्यथेचा पसारा कळतो. कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामाला लावता येत नाही, तरी अनौपचारिक ठेकेदारीत, विशेषतः लहान चौकोनी दगड घडवण्याच्या कामात, मुलांचे हात सापडल्याच्या नोंदी वारंवार झालेल्या आहेत.

यावर ग्राहकाचे नेहमीचे उत्तर असते की त्याला हे ठाऊक नव्हते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिचा गाभा प्रमाद, म्हणजे बेसावधपणा हा आहे: प्रमत्त वृत्तीने प्राणांचा वियोग घडवणे ही हिंसा, आणि पूर्ण दक्षता घेऊनही नकळत घडलेला घात त्या अर्थाने हिंसा नव्हे. या व्याख्येत अज्ञानाला सूट आहे, पण ती चौकशी करूनही न कळलेल्या गोष्टीपुरती. चौकशीच न करणे हा स्वतःच प्रमाद आहे. दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे, ते असे की खरेदी थांबवली तर खाणकामगाराची चूलच विझेल. हे खरे आहे, आणि म्हणून बहिष्कार हा या प्रश्नाचा जैन तोडगा ठरत नाही. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत, म्हणजे व्रताला डाग लावणाऱ्या दोषांत, शक्तीपेक्षा जास्त भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे दोन्ही मोजलेले आहेत. अतिभाराने माणूस मोडू नये आणि काम हिरावून त्याचे अन्नही तुटू नये, अशी दुहेरी मर्यादा त्यातून मिळते. खाणीत पाणी सोडून खोदाई होते काय, कापणीयंत्राला धूळ ओढणारी व्यवस्था आहे काय, कामगारांची हजेरी व वयाची नोंद ठेवली जाते काय, हे विक्रेत्याला विचारणे आणि उत्तर मिळेल तेथे दोन पैसे जास्त मोजणे ही त्या मर्यादेत राहणारी कृती होय.

फरशी बसल्यानंतरचा प्रश्न निराळा आणि, खरे सांगायचे तर, अधिक नाजूक आहे. फिकट दगडावर शेवाळाचा हिरवा थर आणि दगडफुलाचे काळे ठिपके चटकन दिसतात. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. जैन परंपरेत शेवाळ अनंतकाय मानले जाते, म्हणजे एकाच देहात अनंत जीव, आणि गमनागमनातील दोषांची क्षमा मागणाऱ्या ईर्यापथिकी सूत्रात पंचरंगी शेवाळ तुडवल्याचा नामनिर्देश आहे. मग निसरड्या फरशीवर ब्लीच ओतावे, की तिच्यावर चालणेच सोडावे? परंपरेचे उत्तर या दोन्ही टोकांच्या आधीचे आहे: यतना, म्हणजे आधीच घेतलेली काळजी. चातुर्मासापूर्वी जागा कोरडी करावी, ओल साचू देऊ नये, ज्यायोगे जीवोत्पत्तीच होणार नाही, असे श्रावकांना सांगितले जाते.

या उपदेशाची आणि कुशल गवंड्याच्या ज्ञानाची येथे पूर्ण गाठ पडते. लादीला साठ फुटांत निदान एक फूट ढाळ असावा. ती कोपऱ्यांत आणि मध्यभागी मालाचे गोळे ठेवून न बसवता सलग थरावर बसवावी, कारण खाली राहिलेल्या पोकळीत पाणी मुरते आणि फिकट दगडावर तिचे डाग उमटतात. सांध्यांच्या दर्जा घट्ट भराव्यात. पडलेला पाला कुजून टॅनिनचे डाग सोडण्यापूर्वी झाडून काढावा. ॲसिडने धुणे दोन्ही दृष्टींनी वाईट: त्याने चुन्याचा बांध विरघळतो, लोहाचे गंजकट डाग वर येतात, आणि आजूबाजूच्या मातीतील जीव मरतात. प्रेशर वॉशरचा तीव्र झोत दगडाचे कण आणि दर्जा दोन्ही उडवतो. सीलर लावायचाच असेल तर दगड पूर्ण सुकल्यावर, वाफ बाहेर जाऊ देणारा, आत मुरणारा लावावा; पृष्ठभागावर चकचकीत पापुद्रा धरणारा लेप ओल कोंडून ठेवतो. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात निष्कारण माती खणणे व पाणी सांडणे यांना प्रमादचर्या म्हटले असून ती अनर्थदंडात, म्हणजे प्रयोजनाशिवाय केलेल्या हिंसेत, घातली आहे; अंगण नव्या लादीसारखे सदैव लखलखीत दिसावे या हट्टापायी दर महिन्याला केलेली धुलाई त्याच सदरात मोडते. वयाने आलेली करडी झाक हा दगडाचा दोष नव्हे.

परिग्रहपरिमाण, म्हणजे मालकीला स्वतःहून घातलेली मर्यादा, या व्रतात जमीन आणि घर यांचा उल्लेख सर्वांत आधी येतो, हे फरशी मोजणाऱ्याने ध्यानात ठेवावे. जुन्या वाड्यातून निघालेली, एकदा अचित्त झालेली लादी पुन्हा बसवली तर नवी खाण फुटत नाही, आणि नीट जपलेली लादी माणसाच्या दोन पिढ्या सहज टिकते. नव्या दगडाची गरज खरोखरच असेल, तेव्हा रंगाच्या नमुन्याआधी खाणीतील धुळीविषयी विचारावे: सिलिकोसिस बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही, आणि भोक पाडताना पाण्याची धार सोडली की धुळीचा मोठा भाग जागीच बसतो.