हातावरचे घुबड



मागच्या वर्षी आपल्या चर्चच्या सणानिमित्त सभागृहात रक्तदान शिबिर झाले, ते आपणांस आठवत असेल. रांगेत आपल्याच धर्मग्रामातला एक एकोणीस वर्षांचा मुलगा उभा होता. त्याची पाळी आली, त्याने बाही वर केली आणि डॉक्टरबाईंनी हातातली पट्टी तशीच खाली ठेवली. मुलाच्या मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला एक काळे घुबड गोंदलेले होते. गोल डोळे, खाली इंग्रजी अक्षरे.

"कधी काढलं हे?"

"तीन आठवडे झाले."

"मग आता रक्त घेता येणार नाही. बारा महिन्यांनी ये."

नियम योग्यच आहे. गोंदताना सुई स्वच्छ नसेल तर 'ब' आणि 'क' प्रकारची कावीळ किंवा एचआयव्ही रक्तात शिरू शकतो, आणि सुरुवातीच्या काळात तो तपासणीत सापडेलच असे नाही. म्हणून रक्तपेढ्या वर्षभर थांबायला सांगतात. मुलगा बाही खाली ओढून मागच्या दाराने निघून गेला. चहाच्या टेबलावर मात्र चर्चा सुरू झाली. एक आजी म्हणाल्या, "लेकराला गोंदायचंच होतं तर क्रूस गोंदायचा, मोर गोंदायचा. घुबड कशाला? ते घरावर बसलं तरी आपण हाकलतो!" दुसऱ्या एका बंधूंनी मला लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायाची आठवण करून दिली आणि विचारले, "फादर, हे पाप आहे की नाही, ते एकदा पत्रिकेत लिहा."

लिहीन म्हणालो आणि वर्ष गेले. गेल्या महिन्यात तो मुलगा स्वतःच माझ्याकडे येऊन बसला. त्याच्या परवानगीने आज लिहीत आहे.

प्रथम बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर देतो. लेवीय ग्रंथात मृतांसाठी अंगावर वार करून घेऊ नका, शरीर गोंदवू नका, अशी आज्ञा आहे हे खरे. इस्राएल लोकांनी भोवतालच्या राष्ट्रांचे धर्माचार उचलू नयेत हा तिचा रोख आहे. त्याच अध्यायात दाढीच्या कडा छाटू नका आणि दोन प्रकारच्या धाग्यांचे कापड अंगावर घालू नका असेही सांगितले आहे. त्या आज्ञा आपण आज पाळत नाही. मात्र शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, परक्याला आपल्यातलाच समजा, या आज्ञाही त्याच अध्यायातल्या आहेत, आणि त्यांतून आपली सुटका नाही. गोंदणाला पवित्र सभेने सरसकट पाप ठरवलेले नाही. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती पिढ्यान् पिढ्या उजव्या मनगटावर लहानसा क्रूस गोंदून घेतात. अर्थात घाणेरड्या सुईने जीव धोक्यात घालणे, आईवडिलांना फसवणे, द्वेषाची किंवा अश्लील चित्रे अंगावर मिरवणे हे चूकच आहे. घुबडात यातले काहीही नव्हते.

आणि गोंदण आपल्याला काही नवे नाही. टॅटू हा शब्द नवा. आपल्या जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवांचा बाजार पाहायला गेलेल्या माणसाने गोंदणारे बसलेले पाहिले नाहीत असे होणार नाही. आपल्या चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसणाऱ्या आजींचे हात पाहा. हनुवटीवर ठिपका, मनगटावर तुळशीवृंदावन, कोणाच्या हातावर भावाचे नाव. बाप्तिस्मा घेताना कोणी त्यांना ती खोडून या असे म्हटले नाही, आणि ते बरेच झाले. त्याच हातांत आज रोझरी फिरते. या पिढीचे एक म्हणणे मी अनेकींच्या तोंडून ऐकले आहे: सोने-चांदी मेल्यावर काढून घेतात, गोंदण तेवढे सोबत येते.

म्हणजे माणूस अंगावर खूण करतो ती बहुधा दोन गोष्टी सांगण्यासाठी. मी कोणाचा आहे, आणि हे माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१८ मध्ये रोम येथे जगभरातून आलेल्या तरुणांशी बोलताना नेमके हेच सांगितले होते. टॅटू पाहून घाबरू नका, ती आपलेपणाची खूण असते. तरुणाला विचारा, या चित्रातून तू कोणाचा आहेस असे सांगतोस? तिथून बोलणे सुरू करा. अतिरेक असतो हेही त्यांनी मान्य केले होते.

मी तो प्रश्न विचारायला वर्षभर उशीर केला. शेवटी विचारला तेव्हा त्या मुलाने जे सांगितले ते असे.

बारावीनंतर तो 'नीट'च्या तयारीसाठी लातूरला गेला. लातूर पॅटर्नचे नाव आपणा सर्वांना माहीत आहे. आपल्या कितीतरी घरांनी शेत गहाण टाकून, दागिने मोडून मुले तिथे पाठवली आहेत. एक खोली, तीन खाटा, मेसचा डबा, पहाटे क्लास, रात्री अभ्यास. खोलीतले दोघे त्याच्याशी फारसे बोलत नसत. रात्री बारा वाजता अभ्यास संपल्यावर तो मोबाईलवर एक खेळ खेळू लागला. त्या खेळात अनोळखी मुलांची टोळी जमली. सातजण. दोघे लातूरचेच, बाकीचे परभणी, सोलापूर आणि कुठकुठले. सगळे तयारीवाले, सगळे रात्री जागणारे, म्हणून टोळीचे नाव घुबड. एकाने चित्र काढले, ते सर्वांच्या नावापुढे झळकू लागले. दोन वर्षांत या सातांपैकी दोघांनाच तो प्रत्यक्ष भेटला.

दुसऱ्या वर्षीही गुण कमी पडले. निकालाच्या रात्री त्याने घरचे फोन उचलले नाहीत. त्या रात्री बाकीचे सहाजण पहाटेपर्यंत त्याच्यासोबत फोनवर राहिले. एक विनोद सांगत होता. एकाला बोलायला काही सुचत नव्हते, तर तो नुसताच फोन चालू ठेवून बसला होता. "फादर," मुलगा म्हणाला, "ते नसते तर त्या रात्री मी काय केलं असतं, सांगता येत नाही." त्यानंतर पाचजणांनी ते घुबड हातावर गोंदून घेतले.

बंधुभगिनींनो, हे ऐकताना मला गेथशेमनी बाग आठवली. प्रभू येशूने आपल्या सर्वांत जवळच्या तीन शिष्यांना एवढेच मागितले होते की माझ्याबरोबर थोडा वेळ जागे राहा. आणि पेत्र, याकोब, योहान झोपले. जे तीन प्रेषितांना जमले नाही, ते या सहा पोरांनी केले. अनोळखी पोरांनी, एका खेळातल्या टोळीने. आपण घुबडाला अशुभ म्हणतो. पण सारे गाव झोपलेले असताना जागे राहणारा तोच.

आणि आपण? या मुलाचे नाव आपल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आहे. त्याचा दृढीकरण संस्कार इथेच झाला. तो लातूरला जाणार हे मला ठाऊक होते. तिथल्या धर्मगुरूंना एक फोन करून 'आमचा मुलगा येतो आहे, लक्ष ठेवा' एवढे सांगणे माझे काम होते. मी ते केले नाही. दोन वर्षांत त्याला एकदाही फोन केला नाही. सुट्टीत भेटला की मार्क विचारले. तो कोणाचा आहे असा प्रश्न मी त्या हाताकडे पाहून विचारायचा होता, पण तो प्रश्न आधी माझ्याकडे आला पाहिजे होता.

आता त्याचा स्वतःचा प्रश्न. त्यासाठीच तो आला होता. टोळी आता उरलेली नाही. कोणी फार्मसीला गेले, कोणी नोकरीला लागले, तिघांचे नंबर बंद आहेत. "लोक विचारतात हे काय आहे, आणि मला सांगायला काही राहिलं नाही. लेझरनं काढून टाकू का? ज्याचं कोणी उरलं नाही त्याची खूण बाळगणं खोटं नाही का?"

प्रश्न साधा नाही. मोबाईलवरची नाती ज्या जागेवर उभी असतात ती जागाच उद्या नसते. एके काळी ऑर्कुटवर आपल्या तरुणांचे केवढे गट होते. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झाले. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, पबजीवर त्याच सप्टेंबरात. ट्विटरचा निळा पक्षी जुलै २०२३ मध्ये गेला. कातडीवरची शाई मात्र मालकाच्या निर्णयाने पुसत नाही. म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे, घाई करू नका. ज्या खुणेचा अर्थ उद्या दुसऱ्याच कोणाच्या हातात असेल, ती अंगावर घेण्याआधी वर्षभर थांबा. तेव्हाही हवीशी वाटली तर बघू.

पण ज्याने घेतली आहे त्याचे काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार मला कोरडा वाटायचा. ते म्हणतात, देव सर्वसमर्थ आहे, तरी झालेली गोष्ट न झालेली करणे असे काही संभवत नाही. जे घडले ते घडलेच. त्या दिवशी मला या वाक्यातला ओलावा कळला. मी मुलाला म्हणालो, "हे घुबड 'मी त्यांचा आहे' असं सांगत असेल, तर आज ते खरं राहिलं नाही. पण 'त्या रात्री ते माझे होते' असं सांगत असेल, तर ते कायमचं खरं आहे. नंबर बंद झाले म्हणून ती रात्र पुसली जात नाही."

दुसरी गोष्ट संत ऑगस्टीन यांची. त्यांच्या काळी रोमन सैनिकाच्या अंगावर खूण करीत. सैनिक पळून गेला तरी खूण राही, आणि तो परत आला तर पुन्हा नवी खूण करीत नसत. ऑगस्टीन म्हणत, बाप्तिस्म्याचे तसेच आहे. आपल्या धर्मशिकवणीत बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा या तीन संस्कारांची मुद्रा अमीट मानतात ती याच कारणाने. मनुष्य दूर गेला तरी देव त्याला आपला म्हणणे सोडत नाही. मात्र हेही ध्यानात घ्या: पळून गेलेल्या सैनिकाची खूण त्याला शोभा देत नाही, ती त्याला जाब विचारते. आपल्या नांदेडमध्ये आपण रोज शीख बांधवांच्या हातात कडे पाहतो. कडे घालणाऱ्याने कसे वागावे अशी लोकांची अपेक्षा असते, आणि हुजूर साहिबच्या लंगरमध्ये जात न विचारता पंगतीला बसवले जाते तेव्हा ती पुरी होताना दिसते. आपली खूण कपाळावर आहे आणि ती पाण्याची व तेलाची आहे. डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती वागण्यातूनच दिसली पाहिजे.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर सांगतो की त्याने आपल्या लोकांना स्वतःच्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. सर्व धर्मग्रंथातले हे मला सर्वांत धीर देणारे गोंदण वाटते. आपण देवाचे नाव अंगावर लिहिण्याआधी त्याने आपले लिहिले. पुनरुत्थानानंतर प्रभूच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण गेले नाहीत. थोमाला त्याने तेच दाखवले.

तर घुबड ठेवायचे की काढायचे? मी त्याला म्हणालो, "ते तुझं तू ठरव, लेझरचे पैसे असतील तर. माझं मागणं वेगळं आहे. तुझ्यासाठी कोणी जागलं. आता तू कोणासाठी तरी जाग." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, यंदा आपल्याकडची कोण कोण लातूरला गेली आहेत, त्यांचे नंबर द्या."

माझ्याकडे नंबर नव्हते. आता गोळा करतो आहे. ज्या घरांतली मुले-मुली लातूर, पुणे किंवा कोठेही शिकायला गेली आहेत, त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर कचेरीत येऊन नाव व नंबर लिहून द्यावा. दर आठवड्याला प्रत्येकाला आपल्यापैकी कोणाचा तरी एक फोन जाईल. मार्क विचारायचे नाहीत, एवढा एकच नियम आहे. फोन करणाऱ्यांचीही यादी हवी आहे. पहिली दोन नावे लागली आहेत, एक त्या मुलाचे आणि दुसरे माझे.

सणाच्या दिवशी रक्तदान शिबिर नेहमीप्रमाणे आहे. त्याचे बारा महिने पूर्ण झाले आहेत. तो रांगेत दिसला तर त्याच्या हाताकडे पाहून कुजबुजू नका. ते काय आहे, एवढे त्यालाच विचारा.

प्रभू आपणां सर्वांना जागे ठेवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू