पोसणाऱ्याचा वाटा

आमच्याकडं जनावर वाट्यानं द्यायची रीत होती. ज्याच्याकडं शेळ्या जास्त आणि चारा कमी, तो एखादी पाट दुसऱ्याच्या दावणीला नेऊन बांधायचा. दुसऱ्यानं ती चारायची, पाजायची, तिचं दुखणंखुपणं बघायचं. व्याली की करडं निम्मी निम्मी. शेळी मात्र ज्याची त्याची. मालक म्हणेल त्या दिवशी सोडून द्यायची. कागद नाही, सही नाही. माझ्या आईनं अशा कितीतरी शेळ्या पोसल्या. मालक न्यायला आला की ती दावं सोडून माझ्या हातात द्यायची आणि स्वतः घरामागं शेण्या गोळा करायला निघून जायची. शेण्या त्याच वेळी गोळा करायच्या असायच्या असं नाही.

ही रीत मी विसरून गेलो होतो. एका कुत्रीमुळं ती पुन्हा आठवली.

२०२४ ची दिवाळी होऊन आठ-पंधरा दिवस झाले असतील. मी रात्रपाळी करून चाकण-तळेगाव रस्त्यानं घरी येत होतो. महाळुंग्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला, कंटेनरच्या रांगेखाली, तांबूस रंगाचं एक पिल्लू मागचा पाय ओढत चाललं होतं. पलीकडं कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. त्यातली बरीच पोरं छठपूजेला गावी गेली होती, काहींचं काँट्रॅक्टच संपलं होतं. पिल्लं त्यांनीच भाताच्या पेजेवर वाढवली असणार. खोल्यांना कुलपं आणि दारात रिकामी ॲल्युमिनियमची ताटली. पिल्लाची आई कंपनीच्या भिंतीजवळ बाकीच्या पिल्लांना घेऊन पडली होती. मी हे एक उचललं, जेवणाच्या पिशवीत घातलं आणि गाडीला किक मारली. बाकीच्यांकडं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पिशवी पुरली नसती.

माझी मुलगी पिंपरीला कॉलेजात जाते. तिच्या मैत्रिणी अशी जनावरं उचलून, बरी करून, चांगल्या घरी देतात. ती म्हणाली, "पप्पा, आपण हिला फॉस्टर करू. घर मिळेपर्यंत."

आईनं विचारलं, "फास्टर म्हंजी काय गं? कुत्रं पळवायचं का काय?"

मुलीनं समजावून सांगितलं, की आपण नुसतं सांभाळायचं, ठेवून घ्यायचं नाही. घर मिळालं की देऊन टाकायचं.

आई म्हणाली, "म्हंजी वाट्यानं. मग आपला वाटा काय?"

मुलगी हसली. मी मात्र तो प्रश्न पुढं तीन महिने मनात घोळवत राहिलो.

पायाचं हाड मोडलं होतं. एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं. अंगावरच्या गोचिडी चिमट्यानं काढल्या. दूध पाजायचं नाही, पोट बिघडतं, असं डॉक्टरनी सांगितलं. म्हणून मऊ भात आणि उकडलेलं अंडं. पहिल्या आठवड्यात तिला जुलाब झाले, तेव्हा माझी बायको रात्री दोन-दोन तासांनी उठून सिरिंजनं तोंडात मीठ-साखरेचं पाणी सोडत होती. मग लशी सुरू झाल्या. तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची टोचली. तिचं एक कार्ड झालं. त्यावर नावाची रेघ होती. मुलगी म्हणाली, नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलं की सुटत नाही. आईनं नाव ठेवलं नाही, पण रंगावरून "तांबे, ए तांबे" म्हणायला लागली. दुसऱ्या आठवड्यात तांबी त्या हाकेला कान टवकारायला लागली, आणि मग नाव ठेवलं नाही म्हणण्यात काही अर्थ उरला नाही.

मी लहान असताना आमच्या गावात भटकं कुत्रं हा शब्द नव्हता. आळीचं कुत्रं असायचं. ते कुणा एकाच्या मालकीचं नसे, आणि बेवारसही नसे. भाकरी थापून झाल्या की शेवटचा लहान चानका त्याच्यासाठी. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, आमच्या खेड तालुक्यातल्या निमगावच्या खंडोबापुढं वाघे मंडळी स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घेतात. तेव्हा कुत्र्याला तुकडा टाकणं हा कुणाला उपकार वाटत नव्हता. आळीवर त्याचाही हक्क होताच.

पण त्या काळाला उगीच सोन्याचा मुलामा देऊ नये. पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं की आया पोरांना घरात कोंडायच्या. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, तीही तालुक्याला जाऊन. आमच्या शेजारच्या वाडीतला एक पोरगा त्यातच गेला. पाण्याचा तांब्या पुढं केला की तो ज्या आवाजात ओरडायचा, तो मला अजून ऐकू येतो. आणि आळीतल्या कुत्रीला पिल्लं झाली की त्यातल्या माद्या पोत्यात घालून लांब सोडून यायचं काम आम्हा पोरांनाच सांगितलं जायचं. आम्ही ते केलंय. कुणी परत वळून बघितलं नाही.

१९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. मग एकेक करत कारखाने भोसरीकडून नाशिक रस्त्यानं सरकत आमच्यापर्यंत आले. सातबाऱ्यावर एमआयडीसीचा शिक्का पडला. आमच्या पाच एकरांतले तीन गेले. ज्या भामचंद्राच्या डोंगरावर तुकोबा एकांताला बसायचे, तो डोंगर आता शेडच्या पत्र्यांवरून दिसतो. आळी गेली, आळीची माणसं प्लॉटिंगमध्ये पांगली, पण कुत्री होती तिथंच राहिली. ज्यांच्या दारातला तुकडा गेला, त्यांनी कँटीनचा उकिरडा धरला. त्यांना भटकी हे नाव त्यानंतर पडलं.

जानेवारीत तांबीचं प्लास्टर निघून गेलेलं, ती अंगणभर पळत होती, आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या गेटवरच्या टोळक्यातल्या एका कुत्र्यानं शेजाऱ्याच्या नातवाच्या पोटरीला धरलं. मी गाडी काढली. नळाखाली पंधरा मिनिटं साबणानं जखम धुतली आणि मग सरकारी दवाखान्यात नेलं. आता लस दंडात देतात, पोटात नाही. परत येताना शेजारी म्हणाला, "तुमी पोसा दादा. आमची पोरं फाडून घ्यायला हायेतच." मी गप्प बसलो. त्याचं चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. एका पिल्लाला पिशवीत घालून आणलं म्हणजे भिंतीजवळ राहिलेल्यांचं आपलं देणं फिटलं, असं नसतं. मुलीनं मग मैत्रिणींना घेऊन तिथल्या तीन कुत्र्यांचं ऑपरेशन करून आणलं. त्यांत तांबीची आई होती. कानाला खाच पाडून तिला परत त्याच भिंतीजवळ सोडलं, कारण कायद्यानं जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. पुढं २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानंही दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल तेच सांगितलं, पिसाळलेली आणि अंगावर जाणारी सोडून. शेजाऱ्याला ते पटत नाही. त्याचा नातू अजून गेटवरून जाताना आजोबाचा हात घट्ट धरतो.

तांबीसाठी विचारणा व्हायला लागली होती. मुलीनं तिचे फोटो काढून पाठवले होते, अगदी स्थळाला पाठवतात तसे. मादी म्हटल्यावर निम्मे लोक फोन ठेवायचे. एक गोडाऊनवाला स्वतः आला. त्याला राखणीला कुत्रं हवं होतं. मी विचारलं, मोकळं ठेवणार का? तो म्हणाला, साखळी लांब आहे. मुलीनं नाही म्हणून सांगितलं. तो उठता उठता माझ्याकडं बघून म्हणाला, "लई चौकशा करताय. तुमच्या गोठ्यातली बैलं काय मोकळी फिरत हुती का? आन् म्हातारी झाल्यावर कुटं गेली ती?"

तो गेला. बायको म्हणाली, सोडा, बोलायचंच म्हणून बोलला. पण ते बोलणं माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं.

आमचा एक खिलारी बैल होता. चौदा वर्षं त्यानं आमची दोन एकर आणि कांद्याची गाडी ओढली. गुडघे गेले तेव्हा वडील त्याला चाकणच्या बाजारात घेऊन गेले, मी बरोबर होतो. रुमालाखाली हातात हात घालून बोटांवर सौदा झाला. कुणाला विकला, तो कुठं नेणार, हे वडिलांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही. ते पैसे माझ्या आयटीआयच्या फीला लागले. आज मी ज्या पगारातून तांबीचा एक्स-रे काढला, त्या पगारात तो बैल आहे. मग एका कुत्रीसाठी माणसाची उलटतपासणी करण्याचा मला काय अधिकार?

बरेच दिवस विचार करून मला एवढंच सुचलं. आधी विचारलं नाही, ही आत्ता न विचारण्याची सबब होऊ शकत नाही. वडिलांच्या हातात पोटं होती, त्यांना विचारणं परवडलं नाही. मला परवडतंय. परवडत असूनही मी गप्प बसलो, तर ते माझं एकट्याचं पाप.

शेवटी रावेतचं एक कुटुंब मिळालं. नवरा-बायको नोकरी करणारे, दहा वर्षांची मुलगी, घरात आजोबा. मुलगी आणि मी घर बघायला गेलो. बाल्कनीला जाळी होती. आजोबा दिवसभर घरी असतात. सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन करून घेऊ, गावाला जाताना सोडून जाणार नाही, नको झाली तर रस्त्यावर न सोडता परत तुमच्याकडंच आणून देऊ, असं त्यांनी लिहून दिलं. नाकारायला काही कारण उरलं नाही, आणि तिथंच माझं पोट खड्ड्यात गेलं. गोडाऊनवाल्याला नाही म्हणताना मला बरं का वाटलं होतं, ते तेव्हा कळलं. प्रत्येक नकारानं ती आमच्याकडं आणखी आठ दिवस राहत होती.

घरी येऊन मी म्हणालो, आपणच ठेवू.

मुलगी काही बोलली नाही. आई बोलली. ती श्रावणात पोथी ऐकते. म्हणाली, "मी तर कवाचीच म्हणतीया. धर्मराजानं सर्गाच्या दारात कुत्रं सोडलं न्हाई. सर्ग नको म्हनला. आन् आपून फलॅटवाल्याला देतोय."

मग मुलगी शांतपणे म्हणाली, "आजी, हिला ठेवलं तर पुढचं पिल्लू कुठं ठेवायचं? आणि पप्पा, आपल्या दारापासून रस्ता किती पावलांवर आहे?"

तीस. मी मोजलेला आहे. दिवसरात्र कंटेनर जातात. त्या वर्षभरात त्या तीस पावलांवर आम्ही दोन कुत्री गमावली होती. तांबीला वाचवायचं तर बांधून ठेवायला लागलं असतं. म्हणजे गोडाऊनवाल्याला ज्यासाठी नाही म्हटलं, तेच मी केलं असतं, फक्त माया लावून.

धर्मराजाच्या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला. कुत्रं त्याच्या मागं चाललं होतं, तो त्याला सोडून पुढं गेला नाही. पण त्या गोष्टीत सोडणं म्हणजे त्याला वाऱ्यावर टाकून आपण स्वर्गात शिरणं. इथं स्वर्ग म्हणायचा तर तो तिला मिळत होता, आणि दार अडवून मी उभा होतो. मला सोडायची होती ती कुत्री नव्हती. सकाळी रात्रपाळीवरून आल्यावर अंगणात कुणीतरी आपल्यासाठी वेडंपिसं होतं, ते सुख मला सोडायचं होतं.

रविवारी ते लोक गाडी घेऊन आले. मुलीनं लशीचं कार्ड दिलं, तिचं जुनं पोतं दिलं, वास ओळखीचा राहील म्हणून. तांबी त्या पोरीच्या मांडीवर बसली आणि काचेतून आमच्याकडं बघत राहिली. मी वळून आईला शोधलं. आई घरामागं गेली होती. आमच्याकडं आता जनावर नाही, शेण्याही नाहीत. ती नुसतीच भिंतीला हात लावून उभी होती.

पहिला महिना रोज फोटो आले, मग आठवड्यानं, मग सणावाराला. तिचं नाव आता कॉफी आहे. ऑपरेशन झाल्याचंही त्यांनी कळवलं. गणपतीत मी निगडीला कामाला गेलो होतो, तेव्हा फोन करून रावेतला गेलो. दार उघडल्यावर ती धावत आली, माझी पँट हुंगली, मग बूट हुंगले, मग शेपूट एवढी हलवली की अंग वाकडं झालं. दोन वेळा तिनं माझ्या हातात तोंड घातलं. आणि मग परत जाऊन त्या पोरीच्या पायाशी बसली. मी चहा पिईपर्यंत ती तिथून उठली नाही. निघताना दारापर्यंत आली, उंबऱ्याच्या आत थांबली.

रावेतपासून मोशीपर्यंत मी गाडीवर कशाचा विचार करत आलो ते सांगता येत नाही. वाईट वाटत होतं, आणि ज्या कामाला तीन महिने घातले ते काम झालं होतं, हेही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी.

घरी आई ओट्यावर बसली होती. तिच्या पायाशी खोक्यात एक काळं-पांढरं पिल्लू होतं, मुलीनं सकाळीच आणलेलं.

"वळखलं का?" आईनं विचारलं.

"ओळखलं."

"मागं आली का?"

"नाही. दारातच थांबली."

आई थोडा वेळ पिल्लाच्या पाठीवरून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "मग झालं की. हात धू, आन् ह्येला जरा भात कालव."